अकरा शटरांवरची दोरी

शहरात फवाऱ्याची सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती म्हणजे एक बाण. पांढरा, सव्वा मीटर लांब, डावीकडे वळणारा. तळघरातल्या पार्किंगमध्ये असे बाण, खांबांवरचे आकडे आणि 'येथे गाडी लावू नये' ही सूचना रंगवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. चौदा वर्षांत लाखो माणसं त्याच्या सांगण्यावरून निमूटपणे डावीकडे वळली. इतका आज्ञाधारक रसिकवर्ग भल्याभल्या चित्रकारांच्या नशिबी नसतो. पण बाणाला कुणी चित्र म्हणत नाही, आणि तो स्वतः ज्यांना चित्रं म्हणायचा ती दुकानं उघडली की दिसेनाशी होत.

त्याचे वडील विजेचे मीटर वाचायचे. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शाळेला सुट्टी असली की आई म्हणायची, "याला घेऊन जा बरोबर, इथे भिंती खराब करतो." मग वडील मीटरवरचे आकडे वाचायचे आणि मुलगा मीटरभोवतीची भिंत. जिन्याखाली खडूने मांडलेले डावाचे गुण, कुणाचं कुणावर प्रेम आहे याची जाहीर निवेदनं, त्याखाली तिसऱ्याच अक्षरात 'खोटं आहे', दाराच्या चौकटीवर वाढत्या मुलांच्या उंचीच्या रेघा. अख्खं शहर भिंतींवर काहीबाही बोलत होतं आणि वडिलांना त्यातले फक्त पाच आकडे हवे होते. घरी आल्यावर मुलगा ते सगळं वहीत उतरवून काढायचा. वडील बघून म्हणायचे, "यात मीटर कुठे आहे?"

पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो उड्डाणपुलाखाली नाचणाऱ्या पोरांत जाऊ लागला. पुठ्ठा पसरायचा, स्पीकर लावायचा आणि डोक्यावर गरगर फिरायचं, असा तो नाच. हा दोनदा फिरला आणि दोन्ही वेळा मानेवर पडला. तेव्हा पोरांनी सर्वानुमते ठराव केला की याने मागची भिंत रंगवावी. पहिल्याच दिवशी स्प्रेचं नोझल अडकलं, त्याने ते दाताने ओढलं आणि पाच नर्तक क्षणात हिरव्या पुळ्यांनी भरले. त्या दिवसापासून तो फवारा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं आहे आणि तिथेही ते चुकीचं छापलेलं असतं.

चित्रकलेच्या महाविद्यालयात तो दीड वर्ष टिकला. सर म्हणाले, "हात चांगला आहे, पण विषय अगदीच रस्त्यावरचे." त्याला ती स्तुती वाटली. निकाल लागल्यावर गैरसमज दूर झाला. नंतर एका कॉफीच्या दुकानदाराने बोलावून घेतलं. त्याला आतली भिंत हुबेहूब रस्त्यावरच्यासारखी हवी होती. फवाऱ्याने सहा दिवस खपून ती तशी केली. मालक बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे. फक्त जरा स्वच्छ करता येईल का?"

अशा तऱ्हेने कलाजीवन रखडत असताना त्याला शटर भेटलं.

बाजाराच्या गल्लीत कुलपं-किल्ल्या विकणाऱ्या काकांचं दुकान होतं. त्यांच्या शटरवर रोज कुणी ना कुणी जाहिरात चिकटवून जाई आणि काका रोज सकाळी ती खरवडत बसत. एके दिवशी वैतागून त्यांनी फवाऱ्याला हाक मारली. "ए, तू त्या भिंती रंगवतोस ना? काढ काहीतरी यावर. चित्र असलं की लोक चिकटवत नाहीत म्हणे. उघडंनागडं नको, देवाचं नको, पुढाऱ्याचं नको. बाकी तुझी मर्जी."

शटर हा प्रकार भिंतीसारखा नसतो. त्याच्या पट्ट्या उंचसखल असतात. समोरून फवारलं तर पट्टीची खालची बाजू कोरीच राहते आणि उंच माणसाला एक चित्र दिसतं तर बुटक्याला दुसरं. कडेच्या खाचेतलं ग्रीस रंगावर ओघळतं. शटर गुंडाळलं की पट्टीला पट्टी घासते आणि वर्षभरात आधी नाकं झिजतात. फवाऱ्याने हे सगळं शिकून घेतलं. सकाळी सहाला यायचं, साडेनऊला आवरायचं, कारण दहाला दुकानं उघडतात आणि चित्रं वर जातात.

एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने, असं करत ओळीतल्या अकराही दुकानांनी होकार दिला. तेव्हा त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. अकरा वेगवेगळी चित्रं काढायचीच नाहीत. एकच काढायचं. पहिल्या शटरवर, म्हणजे काकांच्या, एक हमाल दोरीचं एक टोक धरून उभा. शेवटच्या शटरवर, बॅगा विकणाऱ्या मावशींच्या, एक बाई दुसरं टोक धरून उभी. मधल्या सगळ्या शटरांवरून ती दोरी लहरत जाते आणि तिच्या आजूबाजूला रस्त्यावरचं सगळं जग रांग लावून उभं: पोस्टमन, पुठ्ठा काखेत घेतलेला नाचरा पोरगा, झाडूवाली, शिट्टी फुंकणारा हवालदार. आणि बरोबर मध्यावर, सहाव्या शटरवर, दोरीवरून उडी मारणारी मुलगी. दोन्ही पाय हवेत, एक चप्पल सुटलेली.

सहावं शटर औषधाच्या दुकानाचं. सगळ्यांत रुंद. दुकानात नव्या फरश्या बसवायच्या म्हणून ते चार दिवस बंद होतं. फवाऱ्याने ती संधी साधली आणि त्या चार सकाळी आयुष्यातलं सर्वोत्तम चित्र काढलं. पाचव्या दिवशी दुकान उघडलं आणि वर नवी पाटी लागली: 'चोवीस तास सेवा'.

त्यानंतर ते शटर अडीच वर्षांत एकदाही खाली आलं नाही. पहाटे बाकीची दहा दुकानं बंद असत तेव्हाही दोरी दोन्हीकडून लहरत लहरत मध्यावर येई आणि तिथे ठेवलेल्या असत खोकल्याच्या बाटल्या.

"आधी विचारायचं तरी होतंस," बायको म्हणाली. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. सुई टोचण्याआधी तीन गोष्टी विचारायची तिला सवय होती.

"काय विचारायचं? 'तुम्ही दुकान कधीच बंद न करण्याचा विचार तर करत नाही ना?' असं कोण विचारतं?"

"ज्याला शटरवर चित्र काढायचंय तो विचारतो."



निवृत्त झालेले वडील आता त्यांच्याकडेच राहत. रोज अकराला फिरायला निघत आणि बाजारातून चक्कर मारून येत. जेवताना म्हणत, "आजही गेलो होतो. सगळीकडे दुकानंच दिसली."

"बाबा, लवकर जा हो. नऊच्या आत."

"नऊच्या आत माझं पोट साफ होत नाही."

या विषयावर बापलेकांचं बोलणं याच्या पुढे कधी गेलं नाही.

म्हणूनच बस आगाराची भिंत त्याच्या मनात घर करून बसली. चौकातली, नव्वद फूट लांब, सपाट, सकाळच्या उन्हातली. समोरच्या सिग्नलला बस दीड मिनिट थांबते, हे त्याने घड्याळ लावून मोजलं होतं. दीड मिनिट चाळीस माणसांना दुसरीकडे बघायला जागाच नाही. आणि मुख्य म्हणजे भिंत दहा वाजता वर जात नाही. शहर सुशोभन समितीने त्या भिंतीसाठी अर्ज मागवले, तेव्हा फवाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा एखादा अर्ज मुदतीच्या आत भरला.

कार्यालयातल्या मॅडमनी कागद उलटसुलट केले. "पूर्वीचं काम जोडलंय?"

"फोटो आहेत."

"फोटो चालत नाहीत. मागच्या वेळी एकाने भलत्याच कुणाच्या भिंतींचे लावले होते. आता समिती स्वतः जागेवर जाऊन बघते."

"कधी?"

"कार्यालयीन दिवशी. साडेदहा ते दीडच्या दरम्यान."

"मॅडम, माझी चित्रं त्या वेळात गुंडाळलेली असतात."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग उलगडून ठेवा."

तारीख मिळाली, गुरुवार, अंदाजे सव्वाअकरा. फवारा आठवडाभर दुकानोदुकानी फिरला. अकरा ते साडेअकरा, अर्धा तास फक्त, शटर खाली घ्या. चष्मेवाले म्हणाले, "गुरुवारी?" जणू बाकीच्या वारी त्यांची हरकत नव्हती. बॅगवाल्या मावशी म्हणाल्या, "अर्ध्या तासात माझ्या दोन बॅगा जातात." काका मात्र तयार झाले आणि त्यांनीच इतरांना दम भरला, "पोरगा चार वर्षं रंगवतोय, आपण अर्धा तास हात बांधून बसलो तर मरणार नाही." नऊ जण तयार झाले, मग दहा. राहिले औषधवाले.

"अहो, पाटीवर काय लिहिलंय? चोवीस तास. साडेतेवीस नव्हे."

"दहा मिनिटं."

"आणि तेवढ्यात कुणाला दम लागला तर?"

"मी दारात उभा राहतो. कुणी आलं की मी स्वतः शटर वर करतो. चित्र गेलं खड्ड्यात."

औषधवाल्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. अडीच वर्षांत त्यांनी ते चित्र पाहिलंच नव्हतं. काम झालं तेव्हा ते गावाला गेले होते, आणि आले तेव्हा शटर वर होतं. "दहा मिनिटं," ते म्हणाले, "गाडी दिसली की. आधी नाही."

म्हणजे गाडी येताना दिसायला हवी. गल्लीच्या तोंडाशी वळण आहे, त्यामुळे आतून काही दिसत नाही. तिथे कुणीतरी विश्वासू माणूस बसवायला हवा. फवाऱ्याने वडिलांना खुर्ची दिली, हातात फोन दिला आणि समजावलं, "बाबा, पांढरी सरकारी गाडी. दिसली की मला फोन करायचा. बस, बाकी काही करायचं नाही."

"एकतीस वर्षं नोकरी केली, एक घर चुकवलं नाही," वडील म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले.

गुरुवारी अकराला दहा शटरं खडखडत खाली आली. अकरा दहा झाले, अकरा वीस झाले. फोन वाजेना. औषधवाले दारात येऊन आत जात होते. शेवटी अकरा सत्तावीसला फवाऱ्याने हात जोडले. "आता येतीलच. प्लीज." औषधवाल्यांनी सुस्कारा सोडला, शटर ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि ते खाली ओढलं. अडीच वर्षांनी मुलगी खाली आली. चप्पल अजून हवेतच होती. आत गुंडाळून राहिल्यामुळे रंग कालच लावल्यासारखा.

अकराही दुकानदार रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत औषधवाले सोडून प्रत्येकाने फक्त आपलं शटर पाहिलेलं, तेही कुलूप काढता काढता. आता प्रथमच सगळी ओळ एका नजरेत दिसली. हेच ते, फवाऱ्याला वाटलं. याचसाठी सगळं.

"माझ्या शटरवरची बाई पाठमोरी का?" मावशींनी विचारलं.

"अं?"

"सगळ्यांचे लोक तोंड करून उभे. माझी तेवढी गिऱ्हाइकाकडे पाठ करून. हे काय बरं दिसतं?"

"मावशी, ती दोरी फिरवतेय, म्हणून..."

"आणि माझा पोस्टमन," चष्मेवाले म्हणाले, "चष्म्याच्या दुकानावर बिनचष्म्याचा माणूस! चार वर्षं मी हे दुकानावर मिरवतोय?"

काका हमालाकडे बारकाईने बघत होते. "हे नाक माझं आहे का रे?"

औषधवाले मुलीकडे बघून म्हणाले, "पडेल ती." त्यांच्या धंद्याला धरून ते बरोबरच होतं.

अकरा बेचाळीसला मावशींनी पदर खोचला आणि शटर वर केलं. त्यामागोमाग बाकीची गेली. पावणेबाराला वडील खुर्ची काखोटीला मारून आत आले. "कुणी आलं नाही रे," ते म्हणाले. "पाऊण तास पापणी लवू दिली नाही." मग आजूबाजूला पाहून, "उघडली वाटतं सगळी? अरेरे. बघायचं राहिलंच की."

तीन आठवड्यांनी तो कार्यालयात गेला. मॅडमनी फाइल काढली.

"तुमचं काम आढळलं नाही."

"आढळलं नाही म्हणजे? समिती आलीच नाही!"

"आली होती की. हा शेरा." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी बाजारात पोहोचलो. काही कारणास्तव बाजार बंद असल्याचे समजले. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या एका ज्येष्ठ रहिवाशाकडून खात्री करून घेतली. सबब परत फिरलो.'"

फवाऱ्याने तो कागद हातात घेतला. दोनदा वाचला. ज्येष्ठ रहिवासी.

"गाडी कोणत्या रंगाची होती, मॅडम?"

"आमची पांढरी दुरुस्तीला गेलीय. भाड्याची करडी होती. का?"

"काही नाही." मग त्याला राहवेना. "म्हणजे वळणापर्यंत आले? आणखी वीस पावलं टाकली असती तर... बंद शटरांवरच तर होतं सगळं!"

"अहो, बंद दुकानाकडे कोण बघतं?" मॅडम म्हणाल्या. त्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. "बंद आहे म्हटलं की माणूस पुढे जातो."

"मग भिंत कुणाला दिली?"

"कुणालाच नाही. बाकीचे अर्ज छाननीतच बाद झाले. पाहणीला तुमचा एकट्याचा होता."

म्हणजे शर्यतीत तो एकटाच धावला होता आणि दुसरा आला होता. भिंतीला साधा बदामी रंग देण्याचं ठरलं होतं. फवारा परत जाताना चौकात पोहोचला तेव्हा ते काम सुरूही झालं होतं. दोन माणसं लांब दांड्याच्या रोलरने सपासप हात मारत होती, प्रायमर न लावता, जुन्या पोपड्यांवरच.

"खरवडून घ्या आधी," त्याच्या तोंडून निघून गेलं. "सहा महिन्यांत सुटेल हे."

"तुम्ही साहेब आहात का?" रोलरवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग सुटू दे."

घरी बायको कामावरून आलेली होती. त्याने शेरा शब्दन् शब्द सांगितला. तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगणार आहेस?"

"काय सांगू? 'तुम्हीच परतवून लावलंत' म्हणून?"

"नको सांगूस."

"नाहीच सांगणार. पण कुणाला तरी ओरडावंसं वाटतंय गं. चार वर्षं! एक माणूस सापडत नाही मला, ज्याला ओरडता येईल. औषधवाले बरोबर, मॅडम बरोबर, मावशी बरोबर. बाबा तर सगळ्यांत बरोबर. बाजार बंदच होता!"

तेवढ्यात वडील बाहेर आले. "काय म्हणाले कार्यालयात?"

"गाडी आली होती म्हणे, बाबा. करड्या रंगाची."

"करडी?" वडील थबकले. आठवू लागले. "हां, एक करडी आली होती. ड्रायव्हरने विचारलं, 'आजोबा, बाजार बंद आहे का?' मी म्हटलं, 'हो, अकरापासून सगळी दुकानं बंद आहेत.' त्यांना काहीतरी खरेदी करायची असणार. गेले बिचारे परत." मग ते मुलाकडे वळले. आवाज चढला. "पण तू मला पांढरी म्हणाला होतास. नीट चौकशी नको करायला? माणसाला कोपऱ्यावर बसवायचं आणि रंग चुकीचा सांगायचा! कदाचित दुसरी कुठलीतरी करडी येऊनही गेली असेल, मी पांढरीच शोधत बसलो. मी एकतीस वर्षांत एक मीटर चुकीचा वाचला नाही, आणि तुझ्यामुळे..."

"चुकलं माझं, बाबा," फवारा म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे भांडी गरजेपेक्षा जास्त वाजली.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर," वडील जरा नरमले. "मी बसेन. रंग मात्र आधी लेखी घेऊन ये."

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो मावशींच्या शटरपुढे उभा होता. पाठमोऱ्या बाईचं तोंड फिरवून दिल्याशिवाय मावशी त्याला चैन पडू देणार नव्हत्या. रोज फोन करत होत्या. खरं तर त्याला यायचंच नव्हतं. पण आल्यावर हात चालू लागला. मान वळवायची तर खांदा वळवावा लागतो, खांदा वळला की दोरीचा ताण बदलतो. साडेसात वाजले, साडेआठ वाजले. चेहरा येऊ लागला. थकलेला, थोडा रागावलेला, कुणावर ते ठाऊक नसलेला. साडेनऊला आवरायचं त्याला भान राहिलं नाही. एक डोळा झाला होता, दुसरा अर्धा राहिला होता, तेव्हा पाठीमागून किल्ल्या वाजल्या.

"व्हा बाजूला. दहा वाजले."

"मावशी, पाच मिनिटं. ओलं आहे अजून. आत्ता उचललं तर सगळा रंग पसरेल."

"बघू." मावशींनी मागे सरकून पाहिलं. "बरी आहे. पण ही रागावलीय का?"

"थोडी."

"गिऱ्हाइकावर?"

"नाही हो. अशीच."

रस्त्यापलीकडे एक बाई मुलाचा हात धरून थांबली होती. तिने मोठ्याने विचारलं, "दुकान बंद आहे का?"

"उघडंच आहे, या!" मावशी म्हणाल्या, आणि फवाऱ्याने काही म्हणायच्या आत खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.